कर्ज फेडताना घरातल्या सगळ्यांचा उत्साह कसा टिकवायचा?

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे. घरात सहा माणसं: आम्ही दोघं, सासू-सासरे, मुलगा नववीत, मुलगी चौथीत. नवरा अंबड एमआयडीसीत नोकरीला, मी घरी शिकवण्या घेते. २०२१ मध्ये फ्लॅट घेतला, ३० लाखांचं गृहकर्ज, २० वर्षांची मुदत. पुढच्या वर्षी सासऱ्यांची बायपास झाली. मेडिक्लेम पुरला नाही, म्हणून वैयक्तिक कर्ज काढलं, थोडं कार्डावर गेलं आणि माझ्या पाटल्या सोनेतारणात ठेवल्या.

मग सगळ्यांनी बसून ठरवलं की हे फेडायचंच. पहिलं वर्ष फार छान गेलं. कार्ड शून्यावर आणलं, पाटल्या सोडवल्या, त्या दिवशी सासूबाईंनी पुरणपोळी केली. आता वैयक्तिक कर्जाचे पावणेतीन लाख आणि गृहकर्ज उरलंय, आणि सगळ्यांचंच अवसान गळाल्यासारखं झालंय. नवरा म्हणतो, "चालायचंच, सगळ्यांच्याच डोक्यावर असतं." सासरे "माझ्यामुळे झालं" म्हणून गप्प गप्प असतात. मागच्या महिन्यात शाळेची सहल होती. मुलाने आम्हाला न विचारताच बाईंना "मी येणार नाही" सांगून टाकलं. मला ते दुसऱ्या पालकांकडून कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

खर्च कुठे कापायचा ते मला कळतं. प्रश्न वेगळा आहे. अजून कित्येक वर्षं हे चालणार, तर घरातल्या सहा जणांचं मन त्यात कसं राहील? तुमच्याकडे काय केलंत ते सांगा.

केतकीवन

सायली, आधी मुलाला सहलीला पाठव. बाकीचं नंतर बोलू.

अनघा_सातारा

केतकीवनशी सहमत. मी शिक्षिका आहे. "मला आवडत नाही सहल" म्हणणारी मुलं वर्गात लगेच ओळखू येतात. घरात कर्जाबद्दल मोकळेपणाने बोलता हे चांगलंच, पण मुलांपर्यंत फक्त "पैसे नाहीत" एवढंच पोचत असेल तर ती आपापल्या परीने कात्री लावायला लागतात. त्याला आकडा सांगा आणि त्यात त्याच्या सहलीचा वाटा वेगळा काढून ठेवलाय हेही सांगा.

आमच्याकडे पगारदार पतसंस्थेचं कर्ज होतं, हप्ता पगारातूनच कापून जायचा. त्यामुळे फेडायला मनाची तयारी लागते का हा प्रश्नच आला नाही. हातात येतं तेवढंच आपलं, असं मानून घर चाललं.

आदित्य_के

अनघाताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. उत्साह वगैरे काही लागत नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी जादा रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा आणि विसरून जा. रोज त्यावर चर्चा केली की घरात सुतकी वातावरण होतं.

शिवाय गृहकर्ज लवकर फेडण्याची घाई कशाला? ते सगळ्यात स्वस्त कर्ज. तेच पैसे इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, टाका, लांब पल्ल्यात व्याजदरापेक्षा जास्त परतावा मिळू शकतो. वर करातही सूट मिळते.

खातेवही

मी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आदित्य, करसवलतीचं बोलताना जपून. स्वतः राहतो त्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, आणि २०२३-२४ पासून आपण वेगळं काही निवडलं नाही तर नवीच लागू होते. तेव्हा "कर वाचतो म्हणून कर्ज राहू दे" हा सल्ला आता बऱ्याच घरांना लागूच पडत नाही.

सायलीताई, तुमचं कर्ज २०२१ चं आहे म्हणून एक शंका येते. तेव्हा दर सातच्या आसपास किंवा त्याखाली होते. ६.९ टक्क्यांनी ३० लाखांचा २० वर्षांचा हप्ता साधारण २३ हजार बसतो. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि गृहकर्जं ९ च्या पुढे गेली. २९ लाख बाकीवर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच २१,७५० रुपये होतं. म्हणजे २३ हजारांतले जेमतेम सव्वा हजार मुद्दलात. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. माणूस इमानाने हप्ते भरत राहतो आणि बाकी हलतच नाही. तुमच्या घरचं अवसान गळण्याचं एक कारण हेही असू शकतं. आधी खातेउतारा काढा आणि उरलेले हप्ते मोजा.

रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला आहे. मुदतीआधी काही रक्कम भरण्याचाही आहे. आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून त्याचा दंड घेता येत नाही, बँकांना ते २०१२ पासून बंद आहे.

कापूसकोंडा

खातेवही काका, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या चुलतभावाच्या पुण्याच्या फ्लॅटचं हेच झालं. बँकेत विचारायला गेला तर म्हणाले, "तुमचा हप्ता वाढला नाही ना, मग तक्रार काय?"

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, शेतीचं. आमच्याकडे महिन्याचा हप्ता नसतो, वर्षाचा असतो, त्यामुळे उत्साहाचं गणितही वेगळं. कापूस-सोयाबीन विकलं की चार महिने घरात पैसा दिसतो, तेव्हाच सगळे खर्च समोर येतात. पीक कर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. थकलं की ती सवलत जाते. आमचे बाबा दर मार्चला सावकाराकडून उचलून सोसायटीचं (गावातल्या पीक कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं) नवं-जुनं करायचे आणि नवीन कर्ज हातात आलं की सावकाराला द्यायचे. कागदावर थकबाकी नाही, पण मधल्या दिवसांचं सावकारी व्याज दरसाल जायचं.

ते मोडलं माझ्या आईने. कापूस विकल्या दिवशीच सोसायटीची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची, आणि त्या खात्याचं पासबुक तिच्या पेटीत. बाबांनी पहिल्या वर्षी भांडण केलं. दुसऱ्या वर्षी ते स्वतःच गावात सांगत फिरत होते. तेव्हा आदित्यभाऊंची "आपोआप वळती" मला पटते. फक्त आमच्याकडे ते काम आई करते.

मीनल_ठाणे

"विसरून जा" याला माझा ठाम विरोध आहे.

माझ्या वडिलांनी काढलेली कर्जं आम्हाला ती थकल्यावर कळली. तोवर ते एका कार्डावरून पैसे काढून दुसऱ्याचं किमान देणं भरत होते. घरी वसुलीचे फोन यायला लागले तेव्हा आई आणि मी एक वही घेऊन बसलो आणि प्रत्येक देणं लिहून काढलं. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १ लाखावर साडेतीन हजार व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर तिचा मोठा भाग यातच जातो. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांना एकट्याने त्याकडे बघवत नव्हतं.

वही उघडी पडली त्या दिवसानंतर घरात रडारड झाली, पण त्यानंतर बाबा शांत झोपायला लागले. मी नोकरीला लागले तसा माझा वाटा घातला. फेडायला बरीच वर्षं लागली. त्या काळात आम्हाला कशाने बळ दिलं असेल तर ते हे की बाकी किती आहे हे तिघांनाही कायम माहीत असायचं. सायली, तुझे सासरे गप्प बसलेत ना, त्यांच्याकडे ती वही दे. खरंच दे. हिशेब लिहिणारा माणूस गुन्हेगार वाटून घेत नाही.

(ज्यांना वसुलीचे फोन येतात त्यांच्यासाठी: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी, नातेवाइकांना फोन, शिवीगाळ हे तर अजिबातच चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा.)

सुगरण_सखी

मीनल, वाचताना डोळे भरून आले गं.

आमच्या कोल्हापुरात भिशी आणि बचत गट घरोघरी. एक सावधगिरी सांगते. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज, त्याच्यासाठी तिसऱ्याचं, असं आमच्या गल्लीत दोन-तीन घरांत झालंय. मायक्रोफायनान्सच्या (कमी उत्पन्नाच्या घरांना विनातारण छोटी कर्जं) नियमात २०२२ पासून घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये असं आहे, पण बायका उत्पन्न वाढवून सांगतात नाहीतर जुनं कर्ज लपवतात. कर्ज मिळतंय म्हणून घेतलं तर फेडायचा हुरूप कुठून आणायचा?

उत्साहासाठी आमचा उपाय साधा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरात तांबडा-पांढरा. त्या दिवशी जेवण झालं की हिशेब. माझा धाकटा आता हप्त्याची तारीख विसरत नाही, कारण त्याला मटण विसरता येत नाही. :)

केतकीवन

सखी :)) आम्हा शाकाहारी लोकांनी काय करायचं?

सुगरण_सखी

बासुंदी!

दूरदेशी

मी पंधरा वर्षं अमेरिकेत आहे. एमएससाठी घेतलेलं शैक्षणिक कर्ज भारतातल्या बँकेचं, तारण म्हणून आईबाबांचं सांगलीचं घर. इथले मित्र गाड्या घेत होते तेव्हा मी चार जणांत एक खोली वाटून राहत होतो. मला कधी उत्साह कमी पडला नाही, कारण घर गहाण होतं. पण हे एकट्याचं झालं. एकट्याला जिद्द पुरते, सहा जणांना ती पुरेल असं वाटत नाही.

आता बायको-मुलांसह इथल्या घराचं कर्ज फेडतोय. मुलीला २० वर्षं म्हणजे काय हे कळत नव्हतं. म्हणून बायकोने भिंतीवर घराचा नकाशा लावलाय. जेवढं मुद्दल फिटतं तेवढा भाग रंगवायचा. स्वयंपाकघर आमचं झालंय, बैठकीची खोली अर्धी झालीय. मुलगी मैत्रिणींना सांगते, "दिस वॉल इज अवर्स, दॅट वन इज बँक्स." पाहुणे हसतात, पण तिला अभिमान वाटतो.

आदित्य_के

मीनल, तुमचा अनुभव वाचला. "विसरून जा" हा शब्द मी मागे घेतो. रक्कम आपोआप जावी, पण आकडा सगळ्यांना दिसावा, असं म्हणू.

एसआयपीबद्दल मात्र मी ठाम आहे. सगळं कर्जात घातलं आणि उद्या नोकरी गेली तर बँक भरलेले पैसे परत देत नाही. हाताशी काहीतरी हवंच.

खातेवही

हाताशी हवं हे शंभर टक्के मान्य. किमान चार-सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते मुदतठेवीत किंवा बचत खात्यात असल्याशिवाय जादा भरणा सुरू करू नका. त्यात घरात एक बायपास झालेला माणूस आहे. पण बाजारातला परतावा "मिळू शकतो" आणि वाचलेलं व्याज नक्की वाचतं, हा फरक सहा माणसांच्या घरात मोठा आहे. ज्याला रात्री झोप लागत नाही त्याला टक्केवारी सांगून उपयोग नसतो, हे मी काउंटरच्या अलीकडून खूप वर्षं बघितलंय.

आता सायलीताईंच्या मूळ प्रश्नाकडे. कार्ड आणि सोनेतारण ही लहान देणी होती, ती संपताना दिसली. गृहकर्जाचा शेवट पंधरा-वीस वर्षांवर, तो कुणालाच दिसत नाही. म्हणून बाकीचा आकडा बघण्याऐवजी शेवटचे किती हप्ते उडाले ते मोजा. ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं असं कर्ज धरा. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याज. हे कर्ज सुरू होतानाच १ लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे १९ हप्ते जातात. १ लाख भरून जवळपास ५ लाखांचे पुढचे हप्ते पुसले जातात. किंवा पहिल्यापासून दरमहा ५ हजार जादा भरले तर २० वर्षांचं कर्ज पावणेचौदा वर्षांच्या आत संपतं आणि साडेअकरा लाखांच्या आसपास व्याज वाचतं.

माझ्या शाखेत एक रिक्षावाले काका यायचे. दर दिवाळीला ५ हजार, ७ हजार, जमेल ते जादा भरायचे आणि विचारायचे, "साहेब, आता कितवा महिना?" त्यांना बाकी रकमेत रस नव्हता. आपलं कर्ज कोणत्या सालच्या कोणत्या महिन्यात संपणार तेवढं त्यांना हवं असायचं. ते अलीकडे सरकलं की घरी पेढे न्यायचे.

कापूसकोंडा

"आता कितवा महिना?" हे आवडलं काका.

अनघा_सातारा

यात मुलाला घ्या, सायली. नववीच्या गणितात टक्केवारी येणाऱ्या पोराला एक्सेलमध्ये हप्त्यांचा तक्ता सहज करता येतो. सहल नाकारणारा मुलगा आणि "आई, दिवाळीच्या बोनसमधले १० हजार भरले तर इतके महिने उडतात" सांगणारा मुलगा एकच असू शकतो. माझ्या वर्गात मी हा तक्ता प्रकल्प म्हणून दिला होता. दोन पालक भेटायला आले, आपल्या कर्जाचा तक्ता करून द्या म्हणून.

मीनल_ठाणे

आणि वैयक्तिक कर्ज आधी की गृहकर्ज? मला वाटतं, वैयक्तिक. व्याजही जास्त आणि शेवटही जवळ.

खातेवही

बरोबर. तिथे दोन्ही कारणं एकाच बाजूला आहेत, त्यामुळे वाद नको. फक्त वैयक्तिक कर्ज बहुतेक वेळा ठरावीक दराचं असतं आणि ते मुदतीआधी बंद करायला शुल्क असू शकतं. मंजुरीपत्रात बघून घ्या. शुल्क वाचणाऱ्या व्याजापेक्षा कमी असेल तर खुशाल भरा. ते संपलं की तोच हप्ता गृहकर्जाला जोडायचा, घरात सोडायचा नाही.

सुगरण_सखी

काका, सगळाच्या सगळा जोडायचा? थोडा तरी घरात येऊ दे हो. त्या दिवसाची वाट बघत लोक इतकी वर्षं काढतात आणि त्यांच्या हाताला काहीच लागत नाही, मग पुढच्या कर्जाला कोण उभं राहील? आमच्यात हप्ता सुटला की त्यातला चौथा हिस्सा घरातल्या एकेकाला वर्षभर. पहिल्या वर्षी सासूबाईंना मिळाला, त्या पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट करून आल्या.

खातेवही

सखीताई, हा मुद्दा तुमचा. बँकेचा माणूस म्हणून माझं मन सगळं जोडा म्हणतं, पण घर तुम्ही चालवलंय.

सायली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. खातेवही काकांची शंका खरी निघाली. उताऱ्यात मुदत वाढलेली आहे, २०४१ ला संपायचं कर्ज बरंच पुढे गेलंय. मधे दर उतरलेत, पण मुदत आम्ही सांगितल्याशिवाय जागेवर येणार नाही असं दिसतंय. नवऱ्याने पहिल्यांदा "चालायचंच" न म्हणता मोबाइलवर गणित केलं. तीन-साडेतीन हजार हप्ता वाढवायची त्याची तयारी आहे, शिकवण्यांची एक बॅच वाढवली तर जमेल.

मीनल, वही सासऱ्यांकडे दिली. ते म्हणाले, "माझ्या आजारपणाचं मीच लिहितो," आणि तारखेनिशी लिहायला बसले. मुलाशी मी सहलीबद्दल बोलले. सहल होऊन गेली, पण शाळेचं उन्हाळी शिबिर आहे, त्याचे पैसे आजच भरले. त्याने विचारलं, "यामुळे कितवा महिना पुढे जाईल?" मी सांगितलं, एकही नाही, ते पैसे वेगळेच ठेवले होते.

सखीताई, चौथ्या हिश्श्याची कल्पना एकमताने मंजूर. पहिला नंबर सासूबाईंचा.

काका, शेवटचं एक विचारते. मुदत पूर्ववत करण्यासाठी बँकेत अर्ज कसा लिहू? तोंडी विचारलं तर "सिस्टीममध्ये होत नाही" म्हणाले.

खातेवही

तोंडी विचारूच नका. साध्या कागदावर कर्ज खात्याचा क्रमांक घाला आणि लिहा की दरबदलानंतर मुदत वाढवण्याऐवजी हप्ता वाढवण्याचा पर्याय आम्हाला हवा आहे, मूळ मुदत २०४१ कायम ठेवून नवा हप्ता कळवावा. सोबत परतफेडीचा सुधारित तक्ता मागा. तुमचा दर सध्याच्या नव्या ग्राहकांच्या दरापेक्षा जास्त असेल तर तो कमी करण्याची विनंतीही त्याच पत्रात करा. थोडं शुल्क घेतात, पण ते बऱ्याचदा काही महिन्यांतच भरून निघतं. दोन प्रती न्या, एकीवर पोच आणि शिक्का घ्या.

यजमान सहकर्जदार असतील तर दोघांच्याही सह्या लागतील.

दूरदेशी

आणि एक, पुढे उपयोगी पडेल म्हणून. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची असा २०२३ चा नियम आहे. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. आमचे सांगलीचे कागद मिळवायला बाबांना त्याआधीच्या काळात खूप खेटे घालावे लागले होते.

केतकीवन

सायली, बँकेत पत्र दिलंस की काय उत्तर आलं ते इथे नक्की लिही. माझं कर्जही २०२१ चंच आहे, आज रात्री उतारा काढते.